पाटामागून आलेली माणसे

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर हा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, त्यावर पूर्वी बाजरी-ज्वारी आणि मेंढरांना चरायला मोकळे माळ. तिथे ऊस कुणी आणला असे विचारले, की लोक धरणांची नावे घेतात : दारणा 1916, भंडारदरा 1926. मला हे उत्तर अपुरे वाटते.

पाट आला तरी इथला शेतकरी बिचकला, आणि त्याचे बिचकणे शहाणपणाचेच होते. पाणीपट्टी भरायची, वर्षभराच्या पिकात कर्ज गुंतवायचे, आणि गुळाचा भाव पडला तर जमीन सावकाराच्या घशात. ही जोखीम अंगावर घेतली सासवडच्या माळ्यांनी. 1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर ते त्याच्या काठी उतरले. तिथून गोदावरी-प्रवरेच्या पाटांवर खंडाने रान घेत आले.

त्यांच्याबरोबर लोखंडी नांगरालाही काम मिळाले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी धास्ती किर्लोस्करांच्या नांगराला सुरुवातीला सोसावी लागली होती. पण काळ्या रानातले कुंदा हे तण लाकडी नांगराला दाद देत नाही. त्याची मुळे खोल शाबूत राहतात. लोखंडी फाळाने ढेकूळ उलथले, मुळे वैशाखाच्या उन्हात उघडी पडली, वाळून गेली. तरी नुसत्या नांगराने ऊस होत नाही. सरी किती उताराची, पेंड कधी घालायची, पाण्याची पाळी चुकली तर काय, चुलाणावरची काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे सारे माळ्यांच्या आणि गुळव्यांच्या हातात होते. शेजारचा बाजरीवाला बांधावरून ते पाहत शिकला. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्याचे सभासद म्हणजे बांधावरून शिकलेले हेच शेतकरी. या इतिहासातले बांधावरून शिकण्याचे हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते.

एक विद्या मात्र मागे राहिली : पाणी बाहेर काढण्याची. निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर चढली, रान चिबड झाले, पांढरे मीठ फुटले, चोपण पडले. अभियंते विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ब्लॉक पद्धत सुचवली होती. ठरल्या तुकड्याच्या एका हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात हंगामी पिके. उसाच्या पैशापुढे तो हिशेब टिकला नाही. आता निचऱ्याचे चर खणायचे, तर ते एकट्याच्या बांधाशी थांबत नाहीत. खालच्या शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावे लागतात, आणि त्याची संमती कोणत्याही यंत्रातून मिळत नाही.