देव्हाऱ्यातील बाळकृष्ण

दोनअडीच इंच उंचीचा, हाती लोण्याचा गोळा घेतलेला पितळी रांगता बाळकृष्ण महाराष्ट्रातील कित्येक देव्हाऱ्यांत आढळतो. आमच्या घरच्या मूर्तीचे नाकडोळे नित्याच्या स्नानाने व चिंचेने घासून जवळजवळ पुसले गेले आहेत. मातोश्री निवर्तल्यापासून मात्र ही झीज थांबली आहे. कारण नित्यपूजा आमच्या हातून होत नाही. मग या मूर्तीचे आम्ही काय लागतो?

पूर्वी देव कोणाकडे राहावे यावरून भाऊबंदांत तंटे होत. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील असा एक तंटा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. घरची देवता ही हवी तशी हलविता येणारी जंगम मालमत्ता नव्हे. तिने कोठे राहावे याविषयी तिचीही इच्छा निःस्वार्थी प्रतिनिधीमार्फत विचारात घेतली पाहिजे, असे १९२५ साली तेथे ठरले. आज तंटा उलटा झाला आहे. मुले दूरदेशी असतात, आणि देव कोणीच नेऊ इच्छीत नाही.

श्रद्धा नसता पूजेचे सोंग का करावे, हा तरुणांचा प्रश्न प्रामाणिक आहे. श्रद्धा वारशाने मिळत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु उत्तरदायित्व मिळते. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे. मेणाच्या मूर्तीवर मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण काढून टाकावयाचे व त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. तेथे कारागिराचे काम संपते. घरातल्या हातांचे तेथून सुरू होते. कारागिराने दिलेले मुख आमच्या आजीने व आईने झिजविले, आणि त्या झिजेत त्यांच्या न बोललेल्या दुःखांचाही वाटा आहे. अशा वस्तूवर निव्वळ मालकी सांगणे आम्हांस उद्धटपणाचे वाटते.

म्हणून नास्तिकानेही ती पूजा करणाऱ्या घरी द्यावी, विधिपूर्वक विसर्जन करावे, अथवा स्मृती म्हणून जपावी. यांपैकी काहीही केले तरी त्यात सचोटी आहे. परंतु मोडीत वजनावर विकणे किंवा अंधारात पिंपळाच्या पारावर ठेवून येणे, ही केवळ पळवाट होय. पारावर असे देव वरचेवर दिसतात. ते कोणाच्या घरचे, हे कोणीच सांगत नाही. यातच आपली चूक आपणांस कळते, असे आम्ही समजतो.