बेरीज बांधलेली असते तेव्हा

राष्ट्रीय वेळवापर पाहणीचे 2024 चे निष्कर्ष आले आणि त्यातला एक आकडा सगळीकडे फिरला. 15 ते 59 वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ 2019 मध्ये दिवसाला 315 मिनिटं होता, तो 305 वर आला. म्हणजे बायकांचा भार हलका झाला, असा अर्थ लगेच लावला गेला. ही घाई मला गैर वाटते. दिवस 1440 मिनिटांचाच असतो. एका रकान्यातून दहा मिनिटं निघाली, तर ती दुसऱ्या रकान्यात पडणारच. ती झोपेला मिळाली की नोकरीच्या प्रवासात गेली, यावरच भार उतरला की नुसता सरकला हे ठरतं.

बेरीज ठरलेली असली की वाटे सुटेसुटे वाचता येत नाहीत, ही जाणीव जुनी आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन मापांना एकाच तिसऱ्या मापानं भागलं, तर त्यांच्यात खोटा सहसंबंध उभा राहतो, हे कार्ल पिअर्सननं 1897 मध्ये दाखवलं. खडकातल्या घटकांची टक्केवारी शंभरच भरते, त्यामुळे एक वाढला की बाकीच्यांपैकी कुणीतरी घटणारच, ही अडचण फेलिक्स चेझनं 1960 मध्ये नेमकी मांडली. इथवर वाद नाही.

खरा गैरसमज आहे तो जॉन एचिसनबद्दल. हाँगकाँग विद्यापीठात शिकवणाऱ्या या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञानं 1982 मध्ये वाट्यांच्या गुणोत्तरांचा लॉगॅरिदम घेण्याची पद्धत मांडली. अनेक अभ्यासक ती आकडे सरळ करण्याची एक क्लृप्ती म्हणून वापरतात: संगणकाला आज्ञा दिली, लॉग घेतला, काम संपलं. माझ्या मते एचिसननं प्रश्नच बदलला. 'हा वाटा किती?' याऐवजी 'हा वाटा त्या वाट्याच्या किती पट?' असं विचारायला त्यानं शिकवलं.

एका नोकरदार बाईचे दोन दिवस कल्पून पाहा. पहिल्या दिवशी झोप 8 तास, नोकरी 8, घरकाम 4, बाकी 4. दुसऱ्या दिवशी घरात आजारपण: झोप 4, नोकरी 10, घरकाम 5, बाकी 5. पूर्ण दिवस मोजणारा म्हणेल, घरकामाचा वाटा 17 टक्क्यांवरून 21 वर गेला. फक्त जागेपणीचे तास मोजणारा म्हणेल, काहीच बदललं नाही. तेव्हाही 25 टक्के, आताही 25. बाई तीच, दिवस तेच, निष्कर्ष दोन. पण घरकाम नोकरीच्या निम्मं आहे, हे दोघांच्याही वहीत दोन्ही दिवशी सारखंच निघतं. घरकाम आधी झोपेच्या निम्मं होतं, ते सव्वापट झालं, हे मात्र पहिल्याच्याच वहीत सापडेल. दुसऱ्यानं झोप मोजलेलीच नाही. घरकामाचा वाढलेला तास कुठून आला, हे त्या गुणोत्तरातून कळतं.

एकाच व्यक्तीची मापं पुन्हापुन्हा घेतली की या विचाराचं बळ आणखी दिसतं. तिच्या दोन दिवसांच्या लॉग-गुणोत्तरांची वजाबाकी केली की तिची नेहमीची घडी बाजूला होते आणि उरतो तो बदल. शंभर बायकांचे दोन-दोन दिवस म्हणजे दोनशे बायका नव्हेत, हेही भान त्यात राहतं. आपल्या दोन पाहण्यांतल्या सरासऱ्या त्याच बायकांच्या नाहीत. त्यामुळे 315 चे 305 होणं ही कुणा एकीच्या दिवसात झालेली घट म्हणून वाचताच येत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा आहे आणि ती झाकू नये. शून्याचा लॉग निघत नाही. मातीतला एखादा घटक यंत्राला न दिसण्याइतका कमी असेल, तर शून्याजागी बारीकसा आकडा घालणं समजू शकतं. पण घरकामाला हातच न लावणाऱ्या पुरुषाचं शून्य तसं नाही. तिथे आधी विचारलं पाहिजे, हा माणूस घरकाम करतो का. आणि मगच, किती करतो. 2019 च्या पाहणीत 6 वर्षांवरील पुरुषांचं घरकाम 97 मिनिटं आणि स्त्रियांचं 299 दिसतं, म्हणजे साधारण तिप्पट. पण या सरासऱ्या फक्त घरकाम करणाऱ्यांच्या आहेत. त्या दिवशी घरकाम केलेले पुरुष होते सुमारे 26 टक्के, स्त्रिया 81 टक्के. सगळ्यांना मोजलं तर पुरुषाच्या वाट्याला येतात साधारण 25 मिनिटं आणि स्त्रीच्या वाट्याला 243. तिपटीची जवळजवळ दहापट होते.

म्हणून यापुढे कुणी अमुक कामाचा वेळ घटला किंवा वाढला असं सांगितलं, की दोन प्रश्न विचाराच: तो वेळ कुठल्या वाट्यातून आला किंवा कुठे गेला, आणि ज्यांचा वाटा शून्य आहे त्यांना मोजलंय का? उत्तर मिळत नसेल, तर त्या आकड्यावरून कुणाचाही भार हलका झाल्याचं जाहीर करू नये.