दुभाष्याची शपथ

खोट्या साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्या भाषेत नेणारा दुभाषी स्वतः खोटं बोलतो का?

१९६९चा शपथ कायदा साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ घालतो. ईश्वरसाक्ष, किंवा ती नको असेल त्याला गांभीर्यपूर्वक दृढकथन. पण साक्षीदाराची आणि दुभाष्याची शपथ एक नव्हे. साक्षीदार खरं सांगण्याची हमी देतो. दुभाषी, विचारलेलं आणि सांगितलेलं नीट पोचवण्याची. थाप त्याने थाप म्हणूनच पोचवायची. कीव येऊन ती जरा सावरून घेतली, तर शपथ तिथेच मोडली.

ज्यू धर्मशास्त्राला मात्र असा मधला माणूसच मंजूर नव्हता. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात, मक्कोत या भागात, न्यायसभेने दुभाष्याच्या तोंडून ऐकू नये असं बजावलं आहे. साक्ष साक्षीदाराच्या तोंडचीच हवी. दुसऱ्याने सांगितली की ती ऐकीव झाली. मग न्यायाधीशांना किती भाषा याव्यात? मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ ताल्मूद म्हणतो, सत्तर. (निवडीची अट म्हणून जरा जडच.) तरीही चौथ्या शतकात बॅबिलोनियातल्या रावा या विद्वानापुढे परभाषिक आले, तेव्हा त्याने दुभाषी नेमलाच. नियमाचं काय? ताल्मूदचा खुलासा मोठा मार्मिक आहे: रावाला त्यांचं बोलणं कळत होतं, फक्त उत्तर देता येत नव्हतं. म्हणजे दुभाषी न्यायाधीशाची जीभ झाला तरी चालेल, कान होता कामा नये.

नुसती भाषा येऊन भागत नाही, हे १७७५मध्ये कलकत्त्यात दिसलं. महाराजा नंदकुमारांवरच्या खटल्यात अलेक्झांडर इलियट दुभाषी होता. तो नंदकुमारांचा शत्रू असलेल्या गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या गोटातला, म्हणून आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली. ती टिकली नाही. ऑगस्टमध्ये नंदकुमारांना फाशी झाली.

आणि दुभाषी निःपक्षपाती असला तरी शब्द सरळ असतात थोडेच! ‘त्यांनी त्याला मारलं’ हे साधं मराठी वाक्य. मारहाण की खून? मराठी ऐकणारा मागचं-पुढचं बोलणं धरून समजून घेतो, नाही उमगलं तर विचारतो. इंग्रजीत नेणाऱ्याला मात्र एकच शब्द निवडावा लागतो, आणि त्या एका शब्दाने कलम बदलू शकतं. माडिया किंवा भिली यांसारखी आदिवासी भाषा बोलणाऱ्याची साक्ष तर आधी मराठीत येणार, मग अपिलात इंग्रजीत. उच्च न्यायालयाच्या बाकावर ती पोचते तेव्हा कागद दोनदा भाषांतरलेला असतो, आणि मूळ शब्द कोणता होता हे विचारायला साक्षीदार समोर नसतो.