पिशवीच नाही, मग दुखतं कसं?

आमच्या धरणगावला बायका 'पिशवी काढली' एवढंच म्हणतात. कसली पिशवी, हे सांगावं लागत नाही. पुढचं वाक्य मात्र दबक्या आवाजात येतं, "पण दुखणं काही गेलं नही." त्यावर ठरलेला प्रश्न: पिशवीच नाही, मग दुखतं कसं?

माझ्या मावशीचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. उजवीकडे ओटीपोटात दुखतं, उठताना जास्त. सोनोग्राफी झाली, जळगावला जाऊन सीटी स्कॅन झाला. "रिपोर्ट नॉर्मल आहेत," असं सांगण्यात आलं. घरी येईपर्यंत त्या वाक्याचं 'मनाचे खेळ आहेत' असं झालं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एक बदनाम उत्तर आहे, 'माझ्याकडे तर चालतंय.' त्यात खोटं काही नसतं. फक्त ते शोधणाऱ्याबद्दल असतं, बिघाडाबद्दल नाही. 'रिपोर्ट नॉर्मल' हेही तसंच. ऑपरेशननंतर आतून चिकटलेली आतडी, व्रणात अडकलेली नस, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू हे सगळं सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. कार्नेट या अमेरिकन सर्जनने १९२६ साली एक साधी तपासणी मांडली. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखतं तिथे बोट दाबून ठेवायचं आणि डोकं उचलायला सांगायचं. दुखणं वाढलं, तर त्याचं मूळ बहुधा आतल्या अवयवांत नसून पोटाच्या भिंतीत असतं. मशीन लागत नाही. बोट कुठे ठेवायचं, हे मात्र बाईलाच विचारावं लागतं.

आता ऑपरेशनच्या आधीचं पाहा. तेव्हा कारण किती पटकन सापडतं! बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ साली विधिमंडळात सांगितलं गेलं आणि चौकशी समिती बसली. चर्चा होती ती ऊसतोड बायकांची. अंगावर उचल, खाडा पडला की दंड, फडात ना पाणी ना संडास. पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांनी सांगितलं, की 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' अशी भीती त्यांना घातली गेली. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२३मध्ये सांगावं लागलं.

म्हणजे आधी कारण फार लवकर सापडतं आणि नंतर सापडतच नाही. मला या दोन वेगळ्या चुका वाटत नाहीत. दोन्ही वेळा बाईचं बोलणं पुरावा म्हणून मोजलं गेलं नाही. पहिल्यांदा ते ऐकण्याआधी निदान ठरलं, दुसऱ्यांदा रिपोर्टने ते खोडून काढलं.

यावर रास्त आक्षेप आहे. ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टर किती ऐकणार? शिवाय प्रत्येक दुखण्यामागे इजा असतेच असं नाही. कधीकधी जखम भरते, पण मज्जासंस्था सावधच राहते आणि साध्या हालचालीलाही वेदना म्हणून कळवते. हे खरं आहे. पण ते 'काही नाही'पेक्षा फार वेगळं आहे. त्यावर फिजिओथेरपी आहे, औषधं आहेत. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं, की वेदना आहे असं माणूस सांगतो त्याचा मान राखावा. कारण सापडेपर्यंत थांबा, अशी अट त्यात नाही.

विश्वास ठेवणं म्हणजे लगेच पुन्हा पोट उघडणंही नव्हे. त्याने नव्या चिकटण्याची भर पडू शकते. विश्वास म्हणजे पुढचा प्रश्न विचारणं. हे दुखणं ऑपरेशनच्या आधीचंच आहे, की नंतर सुरू झालं? आधीचंच असेल, तर दोष कदाचित पिशवीचा नव्हताच. मूत्राशय, आतडी, मागे राहिलेला एंडोमेट्रिओसिस पाहावा लागेल. नवं असेल, तर ऑपरेशनच्या खुणांपाशी शोधावं लागेल. इथून दोन वाटा फुटतात, आणि कुठली धरायची हे फक्त तिलाच ठाऊक असतं. मावशीला चार वर्षांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता.