वेचलेली फुले
वेचक कवितांच्या संग्रहाला इंग्रजीत ‘अँथॉलॉजी’ म्हणतात. ग्रीक ‘अँथॉस’ म्हणजे फूल आणि ‘लेगेइन’ म्हणजे वेचणे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात मेलेआग्रॉस या कवीने निवडक कवितांच्या संग्रहाला ‘हार’ असेच नाव दिले आणि प्रत्येक कवीला एकेका फुलाची किंवा झाडाची उपमा दिली. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘वेचे’ याच कल्पनेशी जुळतात.

धर्मग्रंथ मात्र असा वेचावा का, हा खरा प्रश्न आहे. श्रद्धावंताला त्यातले अक्षरन् अक्षर पवित्र असते. मग निवडणारा कोणत्या अधिकाराने निवडतो? वर्धा जिल्ह्यात पवनारला धाम नदीकाठी राहिलेल्या विनोबा भाव्यांनी हे धाडस पुन्हा पुन्हा केले. त्यांनी कुराणाचे आणि ख्रिस्तधर्माचे सार काढले, संतांची भजने निवडली, धम्मपदाची नवी मांडणी केली. ‘सार’ शब्दात फूल नाही, अर्क आहे. तो काढताना चोथा उरतो, आणि पवित्र ग्रंथात चोथा कोणता ठरवायचा ही अडचण फुलांच्या रूपकात येत नाही.

धम्मपदाच्या पुष्पवर्गात दोन वेचणारे भेटतात. एक फुले गोळा करण्यात गुंग असतानाच मृत्यू त्याला उचलून नेतो. दुसरा भुंगा. तो रस घेतो, पण फुलाच्या रंगाला वा गंधाला धक्का लावत नाही. निवडीचा अधिकार मिळतो तो या भुंग्यासारख्या घेण्यातून: मूळ ग्रंथ अखंड राहतो, वाचकाला तिथवर जाण्याची वाटही मोकळी राहते.