वारा कापणारं माणूस

बंगळूरच्या कोरमंगलात आमचं चौघांचं घर. गेल्या रविवारी भल्या पहाटे, दिवे लावून, आम्ही चार सायकली काढल्या. जायचं होतं नंदी डोंगराच्या पायथ्याशी, नवव्या शतकातल्या भोगनंदीश्वराच्या देवळापर्यंत. साठेक किलोमीटर. एवढा पल्ला आमच्यापैकी कुणीच कधी गाठला नव्हता.

हेब्बाळ मागे पडलं आणि समोरून वारा सुटला. सायकलवर वेग धरला की पायांची बरीचशी ताकद हवेशी झुंजण्यातच जाते. पण पुढे कुणी असेल, तर तो वारा कापतो आणि मागच्याचे कष्ट हलके होतात. म्हणून सायकलस्वार पुढे राहण्याची पाळी वाटून घेतात.

देवनहळ्ळीपर्यंत मीच पुढे होतो. मग दम लागला. तेरा वर्षांची लेक शेजारी येऊन म्हणाली, "बाबा, आता तू मागे ये." ती पुढे झाली. तिच्या इवल्याशा पाठीआडही वारा खरोखर कमी झाला, आणि माझे डोळे भरून आले. धाकटा थकला की मात्र सगळेच थांबायचो, वारीतल्या दिंडीसारखे. देवळाच्या पायरीवर चौघं एकदमच टेकलो.

संसारातही कुणीतरी आपल्यासाठी वर्षानुवर्षं वारा कापत असतं. आज त्या माणसाकडे नीट पाहा. त्याला म्हणा, "तुम्ही जरा मागे या. आता पाळी माझी."