घरचे ते निर्दोष काय?

मराठी माणूस नोकरीनिमित्त प्रांताबाहेर गेला की त्याच्या बोलण्यात 'घरचे' हे विशेषण वाढू लागते. घरचे मेतकूट, घरचे लोणचे, घरचे तूप आणि दिवाळी जवळ आली की घरचे उटणे. हे विशेषण नुसते स्थळ सांगत नाही. वस्तूच्या चांगुलपणाची ग्वाहीही तेच देते. अलीकडे त्याच्या जोडीला 'नैसर्गिक' हा दुसरा शब्द येऊन बसला आहे. घरी केलेले आणि निसर्गातून आलेले, असे दुहेरी कवच एखाद्या वस्तूला लाभले की तिच्याविषयी शंका घेणे हे आईच्या हातच्या स्वयंपाकात खडे शोधण्याइतके अशिष्ट वाटू लागते.

माझ्या मते ही शंका घेतली पाहिजे. तसे करण्यात घरच्या उटण्याचा अनादर होत नाही, उलट त्याचे खरे मोल कशात आहे हे त्याने कळते. प्रश्न असा : घरी केलेल्या उटण्यात, शिकेकाईत, काजळात किंवा दंतमंजनात काही नैतिक श्रेष्ठत्व असते काय? आणि असेल तर ते कोठून येते, घरातून, निसर्गातून, की आणखी कोठून?

प्रथम 'घरचे' या शब्दाकडे पाहू. उटण्याला काय लागते हे बहुतेकांना ठाऊक आहे. नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, आंबेहळद, चंदन, वाळवलेली संत्र्याची साल, गुलाबपाकळ्या, मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ आणि मुलतानी माती. दिल्लीत यांतले बरेचसे जिन्नस खारी बावलीच्या गल्ल्यांत पोत्यांनी मांडलेले दिसतात. पण माती मुलतानचे नाव सांगत असली तरी तशी माती राजस्थानात बाडमेरच्या बाजूला निघते. चंदन कर्नाटकाचे किंवा केरळातील मरयूरचे. केसांसाठी रिठा हवा तर तो हिमालयाच्या पायथ्याशीही पिकतो. आपल्या घरात फक्त कुटणे, चाळणे आणि मिसळणे एवढेच घडते. तेव्हा 'घरचे' उटणे हे वस्तुतः निम्म्या हिंदुस्थानचे असते. ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा किती तरी हातांवर विश्वास टाकून ते तयार होते. म्हणजे 'घरचे' म्हटल्याने मालाची शुद्धता सिद्ध होत नाही. दुकानदाराने चंदनाऐवजी सुगंध लावलेला भुसा दिला असेल, तर तो भुसा आपल्या पाट्यावर वाटल्यामुळे चंदन होत नाही.

आता निसर्गाचे प्रशस्तिपत्र. निसर्गातले ते निरुपद्रवी, अशी समजूत आज फार बोकाळली आहे. तिला उत्तर द्यायला दूर जावे लागत नाही, महाराष्ट्रातली मिशरी पुरेशी आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि त्या भुकटीने दात घासायचे. तव्यावरची ही वस्तू पूर्णपणे घरची आणि पूर्णपणे नैसर्गिक आहे. तिच्यात कारखान्याचा एक कणही नाही. आणि तरीही तिने तोंडाच्या कर्करोगाला वाट करून दिली आहे, गरोदर बाईच्या पोटातल्या मुलाचे वजन घटवले आहे. सवय जडली की ती सुटत नाही, हे वेगळेच. दुसरे उदाहरण सुरम्याचे. पारंपरिक सुरमा हा पुष्कळदा गॅलेना नावाच्या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या गंधकयुक्त संयुगाचा असतो. डोंगराच्या पोटातून निघालेले ते शिसे निसर्गाचेच. पण लहान मुलाच्या अंगात ते गेले तर त्याच्या बुद्धीच्या वाढीवर घाला घालते. तिसरे उदाहरण उटण्याच्याच यादीतले. काही घरांत उटण्यात बावची घालतात. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्वचेवर ते असताना ऊन लागले तर कातडी भाजून निघू शकते, आणि याच गुणाचा उपयोग वैद्यांनी कोडावर केला आहे. औषध म्हणून जे जाणत्या हाती द्यायचे, ते सणाचा जिन्नस म्हणून बिनदिक्कत मुलांच्या अंगाला चोळणे यात निसर्गप्रेम असेल, विवेक मात्र नाही.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरले. शेकडो वर्षांचा अनुभव हा प्रयोगशाळेतल्या चाचणीहून कमी आहे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंपरेचा अनुभव हा खरोखरीच एक पुरावा आहे. मात्र तो कशाचा पुरावा आहे हे नीट पाहिले पाहिजे. जे अपाय आज लावले आणि उद्या दिसले असे असतात, त्यांची पारख परंपरा उत्तम करते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की डोळे चुरचुरतात, हे प्रत्येक घराला माहीत असते आणि म्हणून न्हाऊ घालताना मुलाच्या कपाळावर आडवा हात धरला जातो. पण जो अपाय वीस वर्षांनी उमटतो, किंवा दहांतल्या एकालाच होतो, तो घराच्या अनुभवाला दिसत नाही. आजीने मिशरी लावली आणि ती ऐंशी वर्षे जगली, हे घराला आठवते. शेजारची बाई पन्नाशीत गेली तेव्हा तिच्या मरणाची आणि मिशरीची सांगड कोणी घालीत नाही. ती घालण्यासाठी हजारो घरांची नोंद एका ठिकाणी व्हावी लागते, आणि हे काम शास्त्राचे आहे. परंपरा जवळचे पाहते, शास्त्र दूरचे. दोन्ही डोळे असताना एक मिटून चालण्याचे कारण नाही.

उलट बाजूने 'रसायन' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, तोही तितकाच अन्यायाचा. शिकेकाई आणि रिठा मळ काढतात ते त्यांच्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे, आणि सॅपोनिन हे रसायनच आहे. घरी 'नैसर्गिक' साबण करणारी मंडळी खोबरेल घेतात, कडुनिंबाचा रस घालतात. पण कॉस्टिक सोड्यावाचून त्यांचा साबण होत नाही. तेल आणि तीव्र अल्क यांच्या संयोगातूनच साबण जन्मतो. प्रमाण बरोबर असेल तर ते अल्क तेलाशी एकरूप होऊन संपते. माप चुकले तर वडीत शिल्लक राहते आणि कातडी जाळते. येथे भावनेचा उपयोग नाही, तराजूचा आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना हे कळत होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या घरगुती उद्योगातून १९०१ साली 'बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स' ही कंपनी उभी केली, म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये बंगळूरला सरकारी साबण कारखाना काढला, तेव्हा रसायनशास्त्र ही देशाची ताकद मानली जात होती. त्यांना रसायनाची भीती वाटली नाही. रसायनावर आपली हुकमत नसण्याची मात्र वाटत होती.

मग घरच्या उटण्यात श्रेष्ठ असे काहीच नाही काय? आहे, असे मला वाटते. ते शोधण्यासाठी एका लहानशा गोष्टीकडे पाहू. बाजारी प्रसाधनांवर एक आरोप नेहमी केला जातो की त्यांत पदार्थ टिकवणारी द्रव्ये घातलेली असतात, घरच्यात ती नसतात. आरोप खरा आहे. पण असे का होते? कोरफडीचा गर, दूध, गुलाबपाणी असे ओले मिश्रण दोन-चार दिवसांत नासते, त्यात जंतू वाढतात. कारखानदाराची बाटली कोणत्या गावी, किती उन्हात, किती महिन्यांनी उघडली जाईल हे त्याला ठाऊक नसते. टिकवणारे द्रव्य घालून तो एका अनोळखी माणसाच्या प्रकृतीची काळजीच वाहत असतो. घरची बाई ते घालीत नाही, कारण तिचा लेप आज दुपारी वाटलेला आणि आज दुपारीच संपणारा असतो. दोघांतला भेद पाप-पुण्याचा नाही, तो अंतराचा आहे. करणारा आणि लावणारा यांच्यामध्ये किती अंतर आहे, यावर बाकी सारे ठरते.

या अंतराच्या दृष्टीने पाहिले म्हणजे घरच्या वस्तूचे मोल एकदम स्पष्ट होते. तेथे करणारा आणि ज्याच्यासाठी केले तो, ही एकाच छपराखाली असतात. आत काय घातले हे करणाऱ्याला माहीत असते. पुरळ उठले तर ते त्याच्याच डोळ्यांसमोर उठते, मूल रडले तर त्याच्याच कानांवर पडते. त्याला जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे ढकलता येत नाही. आम्हा कचेरीत काम करणाऱ्यांना याचे महत्त्व निराळे सांगायला नको. टिपणी एकाची, शिफारस दुसऱ्याची, मंजुरी तिसऱ्याची, आणि परिणाम मात्र भलत्याच गावच्या चौथ्या माणसावर. अशा व्यवस्थेत आपण दिवस काढतो. अशा माणसाला ज्या कामाचे मूळ, खोड आणि फळ एका हातात आहे असे एखादे काम घरी करावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. घरच्या उटण्याची नीती आहे ती ही, उत्तरदायित्वाची. 'घरचे' या शब्दाचा अर्थ 'ज्याबद्दल मी उत्तर देईन ते' असा घेतला, तरच त्याला प्रशस्तिपत्राची योग्यता येते.

मात्र उत्तरदायित्व म्हटले की ज्ञानाचे ओझे आलेच. कायद्याकडे पाहिले तर हे अधिक उमगते. १९४० चा औषधांचा कायदा प्रसाधनांना लागू झाला तो १९६२ च्या दुरुस्तीने. साबण त्यातून वगळलेला होता, तो अपवाद १९८२ मध्ये काढून टाकण्यात आला. टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये बंदी झाली. प्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० मध्ये आले. विक्रीसाठी प्रसाधने बनवायची तर परवाना लागतो. रंगासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगे वापरता येत नाहीत. पण ही सारी दृष्टी विक्रीवर आणि वाटपावर आहे. बाजारातल्या मंजनात तंबाखू सापडली तर अधिकारी जप्त करील. स्वतःसाठी चुलीवर तंबाखू भाजणाऱ्या बाईचा तवा मात्र कोणी जप्त करीत नाही, आणि करूही नये. कायदा उंबरठ्यावर थांबतो. तो थांबतो म्हणजे आत सारे क्षम्य आहे असे नव्हे. आतले काम त्याने विवेकाकडे सोपवलेले असते. निरीक्षक, रसायनज्ञ आणि फिर्यादी या तिन्ही भूमिका तेथे एकाच माणसाला कराव्या लागतात. प्रत्येक जिन्नसाची माहिती काढणे, नवे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहणे, डोळ्यांच्या आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत हात आखडता घेणे, रोगावरचा इलाज म्हणून आपल्या भुकटीची शिफारस न करणे, ही त्या विवेकाची अगदी साधी कलमे आहेत.

आणि उंबरठा ओलांडला की अंतर पुन्हा सुरू होते. परप्रांतातील महाराष्ट्र मंडळांत दिवाळीच्या सुमारास उटण्याच्या पुड्या दिल्या-घेतल्या जातात, काही विकल्याही जातात. यात जिव्हाळा आहे. परंतु शेजारच्या घरात कोणाची कातडी नाजूक आहे, कोणाला हरभऱ्याच्या पिठाने खाज सुटते, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून पुडीवर 'शुद्ध, घरगुती, नैसर्गिक' ही तीन विशेषणे लिहिण्यापेक्षा आत काय आहे आणि केव्हा केले आहे हे लिहिणे अधिक सचोटीचे होईल. विशेषण विश्वास मागते. यादी तो मिळवते.

आणखी दोन हिशेब या संदर्भात मांडले पाहिजेत. पहिला निसर्गाचा. जटामांसी ही सुगंधी मुळी अनेक घरांच्या यादीत असते. हिमालयातील ही वनस्पती अतिरेकी उपटण्यामुळे आज नष्टप्राय वनस्पतींत मोडते. निसर्गाच्या नावाने उटणे लावायचे आणि निसर्गाचेच कातडे सोलायचे, ही विसंगती आहे. तिच्यावाचून उटण्याचे काही अडत नाही. दुसरा हिशेब माणसाचा. घरचे म्हणजे घरातल्या कोणी तरी केलेले, आणि हे 'कोणी तरी' बहुधा घरातली बाईच असते. निवडणे, वाळवणे, कुटणे, वस्त्रगाळ करणे यात तिचे दोन-तीन दिवस जातात. ज्या पुरुषाला बाजारी साबणाचा तिटकारा आहे त्याने चाळणी हातात घ्यावी. ज्याची जबाबदारी आपण घेत नाही आणि ज्याचे श्रमही आपण करीत नाही, त्याचा अभिमान मिरवण्याचा आपल्याला अधिकार पोचत नाही.

तात्पर्य, घरच्या उटण्याला ना निसर्गाच्या शिफारशीची गरज आहे, ना कारखान्याच्या निंदेची. कोणी साबणाची वडी विकत आणून सुखाने स्नान केले तर त्याने काही गमावले नाही. पण जो स्वतः जिन्नस पारखतो, मापतो, कुटतो, आधी आपल्या कातडीवर लावून पाहतो आणि मग दुसऱ्याच्या पाठीला चोळतो, तो एका दुर्मीळ गोष्टीचा सराव करीत असतो. आपल्या कृतीचा परिणाम आपल्या हाताच्या अंतरावर राहू देण्याचा हा सराव आहे. मोठ्या कारभारात ही संधी क्वचित मिळते. ती निदान वर्षातून एका पहाटे मिळावी, यासाठी एवढा खटाटोप करायला हरकत नाही.